बोंचे काहीच बोलत नाही

डिसेंबर १९५९ मधली गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे न्यूअर्क नावाचं शहर आहे, तिथून डब्ल्यूएनटीए नावाचं एक लोकल चॅनेल चालायचं, तेरा नंबरचं. त्याच्यावर 'प्ले ऑफ द वीक' नावाचा कार्यक्रम असायचा आणि त्याची पद्धत अशी की आठवडाभर रोज संध्याकाळी तेच एक नाटक दाखवायचं, म्हणजे सोमवारी चुकलं तर मंगळवारी बघा, आणि आवडलं तर शेजाऱ्यांना सांगून बुधवारी परत बघा. त्या डिसेंबरात तिथे 'द वर्ल्ड ऑफ शोलेम आलेखेम' लागलं. यिडिशमधल्या तीन जुन्या गोष्टी, इंग्रजीत, आणि करणारे बहुतेक सगळे ज्यू नट. त्यातल्या बऱ्याच जणांना टीव्हीवर कित्येक वर्षं कुणी उभंच केलं नव्हतं.

हे रेकॉर्डिंग टिकलंय, डीव्हीडीवरही आलं. ब्लॅक अँड व्हाइट, सेट अगदी साधे, कॅमेरा फारसा हलत नाही, आवाज मध्येच दबल्यासारखा येतो. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा नुसतं गोष्टींसाठी बघितलं. नंतर त्या नटांबद्दल वाचत गेले आणि परत लावलं, तर तेच नाटक पार वेगळं दिसायला लागलं. हा लेख त्या दुसऱ्या बघण्याबद्दल आहे.

आधी गोष्टींबद्दल सांगते, कारण आपल्याकडे यिडिश म्हटलं की बहुतेकांना काहीच आठवत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंची ही बोली, हिब्रू लिपीत लिहायची, मूळ बांधा जर्मन आणि त्यात हिब्रू आणि स्लाव्हिक शब्दांचा भरणा. दुसऱ्या महायुद्धाआधी ती बोलणारे जगात एक कोटीच्या आसपास लोक होते. हिब्रू प्रार्थनेची, पंडितांची, आणि यिडिश घरातली, बाजारातली, भांडणाची, अंगाईची. साहित्य म्हणून तिला मान मिळवून दिला तो मुख्यतः तीन लेखकांनी. एक मेंडेले मोखेर स्फोरिम, हे टोपणनावच आहे, खरं नाव अब्रामोविच. दुसरा आय. एल. पेरेत्झ, पोलंडमधल्या झामोश्चचा. आणि तिसरा शोलेम आलेखेम, तेही टोपणनावच, खरं नाव राबिनोविच, १८५९ ला आताच्या युक्रेनमधल्या पेरेयास्लावला जन्मलेला. म्हणजे १९५९ हे त्याच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं.

अर्नोल्ड पर्ल नावाच्या लेखकाने यांच्या जगातल्या तीन गोष्टी घेऊन नाटक बांधलं आणि सूत्रधार म्हणून घेतला तो खुद्द मेंडेले, पुस्तकं विकत गावोगाव फिरणारा फेरीवाला. तो येतो, प्रेक्षकांशी गप्पा मारतो आणि एकेक गोष्ट काढून दाखवतो. टीव्हीवर हे काम सॅम लेव्हीनने केलंय. नुसतं निवेदन नाही ते, गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःलाच त्या गोष्टीची चव लागलीय असं वाटत राहतं. आपल्याकडे ज्यांनी शंकर पाटील, मिरासदार यांचं कथाकथन ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल.

पहिली गोष्ट खेल्म गावाची. यिडिश लोककथांमधलं हे शहाण्यांचं गाव, जिथले सगळे लोक मूर्ख आहेत आणि कुणालाच ते माहीत नाही. तिथला एक मास्तर दूध देणारी शेळी आणायला जातो, वाटेत खानावळवाला ती बदलून बोकड देतो, आणि मग पुढचा सगळा घोळ. झीरो मोस्टेल आणि नॅन्सी वॉकर यात आहेत आणि हसू येतंच. मी यावर जास्त थांबत नाही, ती बघायचीच गोष्ट आहे, सांगायची नाही.

दुसरी गोष्ट पेरेत्झची. बोंचे. पेरेत्झने ती १८९४ मध्ये लिहिली.

बोंचे हा एक हमाल. आयुष्यभर गप्प. लहानपणी सावत्र आईने बुरशी आलेला पाव दिला, गप्प. दारुड्या बापाने थंडीच्या रात्री घराबाहेर हाकललं, गप्प. मोठ्या शहरात ओझी वाहिली, मजुरी बुडवली गेली, बायको सोडून गेली, हॉस्पिटलात मेला, कशाकशाबद्दल एक शब्द काढला नाही, माणसांकडे नाही आणि देवाकडेही नाही. त्याच्या थडग्यावर लावलेली लाकडाची फळी वाऱ्याने उडाली आणि थडगी खोदणाऱ्याच्या बायकोने ती बटाटे उकडायला चुलीत घातली. इतकं ते मरण बिनहिशेबी. पण वर स्वर्गात मात्र धांदल उडते. देवदूत धावतायत, सोन्याची खुर्ची मांडतायत, खुद्द अब्राहाम, ज्यूंचा मूळपुरुष, दारापर्यंत घ्यायला येतो, बोंचे आला, बोंचे आला! बोंचेला वाटतं यांची काहीतरी चूक झालीय, माणूस बदललाय, आता कळेल आणि हाकलतील. तो मान वर करून बघतसुद्धा नाही.

मग न्यायनिवाडा. बाजू मांडणारा देवदूत एकेक प्रसंग सांगत जातो. आणि विरुद्ध बाजूचा वकील, ज्याचं काम दोष काढणं, तो उभा राहून म्हणतो की हा माणूस गप्प राहिला, तर मीही गप्प राहतो. न्यायाधीश सांगतो की खाली तुला कुणी ओळखलं नाही, तुला स्वतःलाही माहीत नव्हतं की तू नुसता ओरडला असतास तरी बायबलमधल्या यरीहो शहराच्या भिंती कोसळल्या असत्या. इथे सगळं तुझं आहे, माग काय हवं ते. बोंचे दोनदा विचारून घेतो, खरंच? खरंच. मग तो म्हणतो, तसं असेल तर मला रोज सकाळी एक गरम पाव द्या, ताजं लोणी लावून.

न्यायाधीश आणि देवदूत शरमेने मान खाली घालतात. आणि तो वकील हसतो. संपली गोष्ट.

बोंचेचं काम जॅक गिलफर्डने केलंय. हा माणूस चेहऱ्याचा नट होता, वाटाण्याचं सूप हळूहळू उकळायला लागतं ते तो नुसत्या चेहऱ्याने करून दाखवायचा आणि लोक वेडे व्हायचे. असा माणूस इथे जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्याभोवती सगळे बोलतायत, त्याच्याबद्दलच बोलतायत, आणि कॅमेरा त्याच्याकडे जातो तेव्हा दिसतो तो फक्त एक माणूस, दुसऱ्याच्या घरच्या कार्याला चुकून येऊन बसल्यासारखा. मी हा भाग परत परत बघितलाय. तो बिचारेपणा कुठेही विकत नाही. रडवेला चेहरा करत नाही. शेवटचं ते मागणं मागताना त्याच्या तोंडावर जे हसू येतं ते खऱ्याखुऱ्या भुकेल्या माणसाचं आहे, आणि म्हणून ते सहन होत नाही.

आता त्या दुसऱ्या बघण्याकडे येते.

हे नाटक मुळात १९५३ चं. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या कडेला बार्बिझॉन-प्लाझा नावाचं हॉटेल होतं, त्याच्या थिएटरमध्ये ते झालं. दिग्दर्शक हॉवर्ड दा सिल्व्हा, मेंडेलेचं कामही त्याचंच. सोबत मॉरिस कार्नोव्स्की, त्याची बायको फीबी ब्रँड, जॅक गिलफर्ड. बोंचेची बाजू मांडणारा देवदूत झाली होती रूबी डी, कृष्णवर्णीय नटी, आणि तिचा नवरा ऑसी डेव्हिस स्टेज मॅनेजर. १९५३ च्या अमेरिकेत ज्यू गोष्टीतल्या स्वर्गात एक काळी देवदूत उभी करणं, हे त्यांना सुचलं आणि त्यांनी केलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

हे सगळे लोक एका हॉटेलच्या थिएटरमध्ये काय करत होते? तर त्यांना दुसरीकडे काम मिळत नव्हतं. तो काळ ब्लॅकलिस्टचा. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाचं एक पुस्तक निघालं, त्यात रेडिओ-टीव्हीशी संबंधित १५१ लोकांची नावं, हे कम्युनिस्ट किंवा त्यांच्या बाजूचे असा आरोप. कोर्ट नाही, खटला नाही. पण तेव्हा टीव्हीचे कार्यक्रम थेट जाहिरातदाराच्या पैशावर चालायचे, साबणवाला, कॉफीवाला, आणि सिराक्यूजमधला एक सुपरमार्केटवाला अशा कंपन्यांना धमकावायचा की या नटाला घेतलंत तर तुमच्या मालाशेजारी पाटी लावीन. एवढं पुरायचं. फोन वाजायचे बंद व्हायचे. नाटकाला जाहिरातदार नसतो, तिकीट काढणारा असतो, म्हणून हे लोक नाटकाकडे वळले.

दुसरा भाग म्हणजे संसदेची ती समिती, हाउस अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज कमिटी. तिथे बोलावून विचारायचे, तुम्ही कम्युनिस्ट पक्षात होता का, आणि तुमच्यासोबत अजून कोण होतं. नावं सांगितली तर सुटका. दा सिल्व्हा आणि कार्नोव्स्की या दोघांना १९५१ मध्ये बोलावलं आणि दोघांनी नावं दिली नाहीत. १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझानने दिली, त्यात कार्नोव्स्की आणि फीबी ब्रँड यांची नावं होती, एकेकाळी सगळे 'ग्रुप थिएटर' नावाच्या एकाच नाटक कंपनीत काम केलेले. १९५३ मध्ये नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सने दिली, त्यात मॅडलिन ली हे नाव होतं, म्हणजे जॅक गिलफर्डची बायको.

म्हणजे बघा, बोंचेचं नाटक करणारे हे लोक स्वतः गप्प राहिल्याबद्दल शिक्षा भोगत होते! आणि नाटक काय सांगतंय, तर गप्प राहणं हा गुण नाही, ते इतकं लाजिरवाणं आहे की स्वर्गानेही मान खाली घालावी. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्याशी झगडत होते, कारण दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल. पण मग गिलफर्डकडे बघताना उत्तर मिळत जातं. बोंचे गप्प आहे कारण त्याला आपल्या वाट्याला काही येणं आहे हेच ठाऊक नाही. कार्नोव्स्की गप्प आहे कारण त्याला दुसऱ्याच्या वाट्याला काय येईल हे नीट ठाऊक आहे. पहिला गप्प राहतो तेव्हा अन्याय करणाऱ्याचं फावतं, दुसरा गप्प राहतो तेव्हा त्याची अडचण होते. आणि हा दुसऱ्या जातीचा गप्पपणा जगलेल्या लोकांनी पहिल्या जातीचा उभा केला, म्हणून त्यात खोटी दया कुठेच आलेली नाही, असं माझं मत आहे.

बोंचेला संत समजणारे वाचक पुष्कळ आहेत, विशेषतः ज्यूंच्या कत्तलीनंतर, जेव्हा त्या मेलेल्या साध्या माणसांबद्दल वाकडा शब्द लिहिणं कुणालाच जमेना. ते मी समजू शकते. पण पेरेत्झ ज्या काळात लिहीत होता तेव्हा वॉर्सामधले ज्यू कामगार संघटना बांधायला लागले होते, १८९९ मध्ये संपवाल्यांच्या सभेला गेला म्हणून त्याला स्वतःला काही महिने तुरुंगात बसावं लागलं. अशा माणसाने बोंचेची आरती ओवाळली असेल हे मला पटत नाही. शेवटी वकील हसतो ते उगाच नाही.

टीव्हीच्या १९५९ च्या प्रयोगात देवदूताचं काम ली ग्रँटने केलं. तिची कहाणी अशी की १९५१ च्या पहिल्याच सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि त्याच सुमारास जे. एडवर्ड ब्रोमबर्ग या नटाच्या शोकसभेत ती बोलली, समितीने त्याचा छळ केला असं म्हणाली, आणि झालं, बारा वर्षं काम गेलं. नंतर समितीने नवऱ्याविरुद्ध बोल म्हटलं तर तेही केलं नाही. म्हणजे ती एका माणसाची बाजू मांडल्याबद्दल यादीत गेलेली, आणि इथे उभी राहून बोंचेची बाजू मांडते. हे कुणी मुद्दाम जुळवलं होतं की नाही, मला त्याने फरक पडत नाही.

आणि गर्ट्रूड बर्ग. तिसऱ्या गोष्टीत ती आई आहे. तिची 'द गोल्डबर्ग्स' ही ज्यू कुटुंबाची मालिका १९२९ पासून रेडिओवर आणि १९४९ पासून टीव्हीवर, ती स्वतः लिहायची, स्वतः मॉलीचं काम करायची, सगळ्या अमेरिकेत घरोघरी माहीत. मालिकेत मॉलीच्या नवऱ्याचं काम फिलिप लोब करायचा. त्याचं नाव 'रेड चॅनेल्स'मध्ये आलं. कॉफी विकणाऱ्या जाहिरातदाराने त्याला काढायला सांगितलं, बर्ग नाही म्हणाली, बराच काळ नाही म्हणत राहिली, मालिका बंद पडली, आणि १९५२ मध्ये परत सुरू झाली ती लोबशिवाय. त्याचा मुलगा मानसिक आजाराने खाजगी संस्थेत होता, त्याचा खर्च होता. सप्टेंबर १९५५ मध्ये लोबने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात आत्महत्या केली. झीरो मोस्टेल त्याचा जवळचा मित्र. चार वर्षांनी मोस्टेल आणि बर्ग एकाच टीव्ही प्रयोगात आहेत. मी बर्गला दोष देणार नाही, तिने जेवढं ताणलं तेवढं फार कमी जणांनी ताणलं. पण तिला आईच्या भूमिकेत बघताना मला लोब आठवतोच.

ही तिसरी गोष्ट शोलेम आलेखेमची, 'हायस्कूल'. मूळ कथा आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात एक बाप सहप्रवाशाला सांगतोय अशी आहे. पोराला सरकारी हायस्कूलमध्ये घालायचंय. बायकोचा हट्ट. पण झारच्या रशियात १८८७ पासून ज्यू मुलांना कोटा होता, ज्यूंना जिथे राहायची परवानगी त्या पट्ट्यात शाळेच्या दहा टक्के, बाहेर पाच, मॉस्को आणि पीटर्सबर्गला तीन. हा कोटा आत घेण्यासाठी नव्हता, बाहेर ठेवण्यासाठी होता. मग गणवेश शिवून ठेवणं, अर्ज, ओळखी, परत अर्ज, दुसरं गाव, तिसरं गाव, धंदा बसला, आईबाप दमले, आणि शेवटी एकदाचा प्रवेश मिळतो तर कळतं की शाळेत संप झालाय आणि पोरगा त्या संपात आहे!

बाप झालाय कार्नोव्स्की. मला या सबंध नाटकात सगळ्यात आवडलेलं काम हेच, गिलफर्डपेक्षाही. बायकोशी प्रत्येक वेळी वाद घालायचा, प्रत्येक वेळी हरायचं आणि मग स्वतःच तिच्यापेक्षा जास्त धावपळ करायची, हे तो इतकं हळूहळू घडवतो की कुठल्या क्षणी तो बदलला ते सापडत नाही. हाच कार्नोव्स्की १९५६ पासून कनेटिकटमधल्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर करत होता, पुढे तिथे केलेल्या त्याच्या लिअरबद्दल लोक अजून लिहितात.

पाच वर्षांनी, १९६४ ला, 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक आलं, शोलेम आलेखेमच्या तेव्ये दूधवाल्याच्या गोष्टींवरून, आणि सगळं जग त्याला त्या नाटकामुळे ओळखायला लागलं. तेव्ये झाला मोस्टेल. दिग्दर्शक होता रॉबिन्स, नावं दिलेला. मोस्टेलने काम केलं, कारण आम्ही डाव्या विचाराचे लोक कुणाला ब्लॅकलिस्ट करत नाही, अशी त्याची भूमिका. गिलफर्डनेही १९६२ मध्ये एका नाटकात रॉबिन्सच्या हाताखाली काम केलं होतं, बायकोचं नाव ज्याने दिलं त्याच्याच. ही मोठेपणाची गोष्ट आहे असं मला वाटतं, पण त्यात गोडवा नाही, मोस्टेलने मैत्री कधी केली नाही.

तिकडे मॉस्कोत जे झालं ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे सरकारी यिडिश थिएटर होतं, १९२१ मध्ये शोलेम आलेखेमच्या छोट्या नाटुकल्यांनी सुरू झालेलं, सभागृहाच्या भिंती चित्रकार मार्क शागालने रंगवलेल्या, नटांचे कपडेसुद्धा त्याने हाताने रंगवले. तिथला तेव्ये म्हणजे सोलोमन मिखोएल्स. जानेवारी १९४८ मध्ये स्टॅलिनच्या हुकमावरून त्याला मिन्स्कमध्ये मारलं आणि अपघात झाला असं दाखवलं. पुढच्या वर्षी थिएटर बंद. त्याचा जोडीदार नट बेन्यामिन झुस्किन, त्याला १२ ऑगस्ट १९५२ ला यिडिश लेखकांसोबत गोळ्या घातल्या. न्यूयॉर्कमधल्या नटांचं काम गेलं, मॉस्कोतल्यांचा जीव गेला. हे दोन्ही एका तराजूत घालू नये. पण एकाच लेखकाच्या गोष्टी करणारी माणसं दोन्हीकडे होती.

आपल्याकडे ज्यू म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, शनवार तेली. त्यांची भाषा मराठी, यिडिशशी त्यांचा काही संबंध नाही. तरी एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते की एकोणिसाव्या शतकापासून हा समाज बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करायचा, योसेफाचं आख्यान, मोशेचं आख्यान, साक्या-ओव्यांसकट. ग्रंथातली गोष्ट लोकांच्या बोलीत आणून उभ्याने सांगायची, ही गरज त्यांनाही होतीच.

शोलेम आलेखेम १३ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याला तेरा आकड्याची इतकी भीती की हस्तलिखितात तेराव्या पानावर तो बारा-अ लिहायचा. अंत्ययात्रेला लाखाच्या वर माणूस. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की दरवर्षी माझ्या श्राद्धाच्या दिवशी घरचे आणि मित्र जमा, माझी एखादी गोष्ट निवडा, अगदी मजेची, आणि तुम्हाला जी भाषा सगळ्यात नीट समजते त्या भाषेत मोठ्याने वाचा. घरचे ते अजून पाळतात.

जी भाषा समजते ती, असं त्याने म्हटलंय, तर मराठी का नाही. यंदा मे महिन्यात आमच्याकडे 'हायस्कूल' वाचायची ठरवलीय. इंग्रजीवरून मराठी मी करतेय, अर्ध्याच्या पुढे गेलंय. वाचणार आमचे काका, आयुष्य एसटीत गेलं पण राज्य नाट्य स्पर्धेत डेपोतर्फे दरवर्षी उभे राहायचे, आवाज अजून खणखणीत आहे. त्यांना आधी कार्नोव्स्कीचा भाग दाखवला. बघून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, पोरगा संपावर गेलाय हे सांगताना बाप चिडलेला वाचायचा की छाती फुगलेला? मी म्हटलं तुम्ही ठरवा. ते म्हणाले, मग रविवारी ये, दोन्ही वाचून दाखवतो.